पाच काठ्यांचा पत्ता

३ फेब्रुवारी

आज पुन्हा! उस्ताद आणि प्लास्टरवाल्या ताई — पाय अर्धं बोट लांब झालाय की नाही, यावरून अख्खं वर्कशॉप डोक्यावर घेतलं. चारदा मोजला! इथे कृत्रिम पाय बनवतात. आवाज ऐकून वाटावं, तोडतात. मी मान खाली घालून पट्टे शिवत राहिले. माहेरी आवाज चढला की पाठोपाठ कपबश्या फुटायच्या. नोकरीला जेमतेम तीन आठवडे झालेत.

४ फेब्रुवारी

दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवत होते. कमाल आहे!

९ फेब्रुवारी

ताईंच्या खणात, स्क्रूंच्या डबीशेजारी टॅरोचे, भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते. "ओढ एक," म्हणाल्या. ओढला — पाच तरुण, पाच काठ्या, नुसती हाणामारी!

"भांडणाचा पत्ता! ताई, मी ही नोकरी सोडू का?"

"नीट बघ. कुणी पडलंय? कुणाला लागलंय?"

नव्हतं.

"पाच जणांची पाच मतं, एवढंच. कधी यातून राडा होतो, कधी चांगलं काम उभं राहतं. कुठलं, ते पत्ता नाही सांगत." मग हसून, "काठी मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. तुझी कुठाय?"

बाई भारी आहेत. शाळा सातवीपर्यंत, आणि माणूस वाचतात पुस्तकासारखा.

१४ फेब्रुवारी

ताई रजेवर. टपाल वाटणाऱ्या बाईंना त्यांचा पाय बसवला. चालताना पाऊल किंचित बाहेर वळत होतं. मला दिसलं. उस्ताद म्हणाले, "झकास!" तीस वर्षांचा हात त्यांचा. मी कोण सांगणार? गप्प बसले.

२१ फेब्रुवारी

टपालवाल्या बाई परत आल्या. गुडघ्याखाली कातडी सोलवटलेली. वर मलाच धीर देत होत्या — "अहो, पण दोन मजले चढले ना!" मला मान वर करवेना.

ताईंना सगळं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिसलं, आणि बोलली नाहीस. तुझं भांडण टळलं. लागलं कुणाला?"

२८ फेब्रुवारी

भांडले!!

बाईंचा पाय दुरुस्त करून झाला, तरी पाऊल बाहेरच. म्हटलं, "उस्ताद, वळतंय."

"कुठे वळतंय? कालची पोर मला शिकवते!"

मी हटले नाही. ओळंबा आणला, दोरी धरली, त्यांचं बोट धरून दाखवलं, हे इथे. सगळे थांबले. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार.

उस्तादांनी पाना उचलला. स्क्रू सैल केले. चार वाजेपर्यंत वर पाहिलं नाही. बाई जिना चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या — पाऊल सरळ! आणि या माणसाने माझ्यासाठी चहा आणला, स्वतः. एवढा मोठा कारागीर, चारचौघांत चूक निघाली, तर तोंड वाकडं नाही. अशी माणसं मी पाहिलीच नव्हती.

२ मार्च

उस्तादांनी बाजूला बोलावलं. वर्ष झालं, त्यांना सरळ रेषा वाकड्या दिसतात. डोळे जाणार. फक्त ताईंना ठाऊक आहे, म्हणून त्या प्रत्येक पायावरून भांडतात.

"ती एकटी किती ओरडेल?" म्हणाले. "उद्यापासून तूही सुरू कर."