परीक्षेपुरता कायदा

बाबा, काल माझ्या मुलीची हळद झाली आणि तेव्हापासून मला तुमचा राग येऊन राह्यला आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

तुम्ही इतिहासाचे मास्तर. बालाघाटच्या कोणत्याही कचेरीत जा, एखादा तरी बाबू तुमच्या हाताखालून गेलेला निघायचाच. संध्याकाळी समोरच्या खोलीत शिकवणी भरायची आणि दहावीतली मीही त्याच सतरंजीवर बसायची. सतीबंदी, बालविवाहाचा कायदा, आणि तुमचा लाडका विधवा पुनर्विवाह. "लिखो बच्चों, पाँच नंबर का प्रश्न है," म्हणता म्हणता तुमचा आवाज चढायचा. इंग्रजांनी कागदावर कायदा केला, खरी लढाई तर आपल्या माणसांनी आपल्याच घरच्यांशी केली, असं तुम्ही सांगायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. आणि आत स्वयंपाकघरात ताई. तेवीस वर्षांची, लामत्याच्या सासरहून पांढऱ्या कपाळानं परत आलेली. जावई काविळीनं गेले तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तांदूळ निवडता निवडता ती सगळं ऐकायची. मी अडले की आतून हळूच उत्तर सांगायची. अख्खा धडा तिला पाठ होता.

मग उकव्याच्या खाणीतला तो बाबू आला. बायको बाळंतपणात गेलेली, तुमचाच जुना विद्यार्थी. तुमच्या पाया पडला आणि ताईला मागणी घालून म्हणाला, "सर, हे तुमीच शिकवलं न आमाले." तुम्ही त्याला चहा पाजला, परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं, आणि आमच्या घरी असं होत नाही म्हणून वाटेला लावलं. ताईला साधं विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "बाबा, काहून नाही म्हटलं?" तुम्ही चष्मा पुसत बोललात, "ते परीक्षेसाठी असते. दोन बुकं शिकली तं मले शिकवू नको." आतला सुपाचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर तिनं जन्मभर तुमचं केलं. पथ्यपाणी, औषधं, शेवटी अंथरुणातलंही. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि माझी मुलगी तिच्याच मांडीवर वाढली. तुमच्यासारखं मी कधी वागणार नाही, असं मी मनाशी कितीदा तरी म्हटलं असेल.

काल उष्टी हळद घेऊन राजेगावहून विहीणबाई आल्या. मुलगी म्हणाली, पहिली हळद मोठी मावशीच लावणार. ताईनं पदराला हात पुसले आणि वाटीत बोटं बुडवली. विहीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाह्यलं, आणि मी म्हटलं, "ताई, चहाचं पाहून ये न जरा."

ती उठून गेली.

पाहुणे गेल्यावर मी आत गेले. काय बोलायचं ते जुळवत होते तर तीच म्हणाली, "राहू दे न बाई. ते परीक्षेसाठी असते." चिडून नाही, अगदी सहज, मला पूर्वी उत्तर सांगायची तशा आवाजात. तेव्हा कळलं की त्या दिवशीचं तुमचं ते वाक्यही तिला पाठ होतं.

उद्या लग्न आहे. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही विचारणार नाही. जिच्याशी बोलायला हवं ती पलीकडच्या खोलीत अक्षतांना कुंकू लावत बसली आहे, बोटं अजून पिवळी आहेत तिची. कालपासून मी त्या खोलीत गेलेली नाही.