शेकाचा मुकुट

सोमवार, ११ सप्टेंबर

वरच्या खोलीतल्या डच नवराबायकोला धबधबा, तळ्यातली बोट आणि चीज बनवायची खोपटं, सगळं आजच्या आज बघायचं होतं. धबधबा काय पळून जाणार आहे? तोंडावर तसं म्हणाले, तर गाश्पेर हसत सुटला. "आत्या, पाहुण्यांवर खेकसू नकोस. पुढच्या वर्षी खोल्या रिकाम्या राहतील." मलाच शिकवतो! वहिनी गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. तेव्हापासून माझ्याकडेच. बाप, म्हणजे माझा लेनार्तदादा, उन्हाळाभर गाई घेऊन वरच्या कुरणावर.

शनिवारी गाई उतरणार. दादाची खोली झाडून घेतली.

मंगळवार, १२

गाश्पेरला पाण्याने नेलं.

हे मी लिहिलं. पुन्हा वाचलं. तरी कळत नाही.

चार पाहुण्यांना घेऊन घळीत दोराने उतरला होता. डोंगरात कुठेतरी ढग फुटला. इथे लख्ख ऊन होतं — माझे कपडे वाळत होते! चौघांना त्याने कड्यावर चढवलं. तो राहिला खाली. त्यांच्यातली एक मुलगी माझ्या स्वयंपाकघरात थरथरत बसली होती. तिला मी सूप वाढलं, वर ब्रेडही कापून दिला. हात आपले चालत होते.

बुधवार, १३

बोल्टे आला. बचाव पथकाचा म्होरक्या, दादाचा शाळेतला जोडीदार. हातात लाल हेल्मेट. गाश्पेरचंच. बाकी काही सापडलं नाही.

"लेनार्तला सांगायला हवं," म्हणाला. कुरणावर फोन लागत नाही, कुणीतरी चढून जायला हवं.

"सापडेपर्यंत नाही. वर एकटा आहे तो."

"अगं रेझ्का, बाप आहे तो पोराचा."

"आणि मी कोण आहे?"

उठला. हेल्मेट टेबलावर ठेवून गेला. मी ते धुऊन पुसून ठेवलं.

गुरुवार, १४

काही नाही. डच बाई न विचारता माझी भांडी घासते. आज जायचे होते, राहिले. नवरा पथकाबरोबर काठाने फिरतोय.

शुक्रवार, १५

गाईंचं विसरूनच गेले होते! सकाळी एकदम आठवलं. दादाला कळलं नाही, तर तो त्यांना सजवून आणणार. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी गाई उघड्या कपाळाने उतरतात. ना मुकुट, ना फुलं, ना मोठ्या घंटा. वहिनीच्या वर्षी तशाच आल्या. वाटेवर लोकांनी टोप्या काढल्या होत्या. आणि यंदा पोराला नदीत शोधत असताना बाप वाजतगाजत पुलावरून येणार?

बोल्टेला म्हटलं, जा बाबा, सांग त्याला. माझ्या गुडघ्यांना ती चढण झेपत नाही. तो लगेच निघाला. संध्याकाळी उतरला तो थेट नदीवर गेला म्हणे. इकडे फिरकला नाही.

शनिवार, १६

पुलावर ही गर्दी! पर्यटक फोन सरसावून उभे. गावचे लोक टोप्या हातात घेऊन, मुकाट. गाई कशा येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

वळणामागून घंटा ऐकू आल्या. मोठ्या घंटा. मला वाटलं आपल्याला भास होतोय. मग आमची म्होरकी गाय शेका दिसली, सगळ्यांत पुढे — कपाळावर मुकुट! एवढा मोठा मुकुट मी जन्मात पाहिला नाही. देवदाराच्या फांद्या, रानफुलं, मध्ये आरसा. मागच्या साऱ्या गाई सजलेल्या. आणि दादा, धुतलेला सदरा, हॅटला पीस.

टाळ्या वाजल्या. गावच्या एकानेही वाजवल्या नाहीत. शेजारची मित्सी कानाशी पुटपुटली, "अगं बाई, ह्याला कुणी सांगितलंच नाही." वर जाऊन बोल्टेची जीभ टाळूला चिकटली असणार. मेला भित्रा!

म्हणजे आता मीच सांगायचं. पण एवढ्या लोकांत कसं सांगू? सरळ शेकापुढे गेले आणि मुकुटाच्या दोऱ्या सोडायला लागले. दादाने माझं मनगट धरलं.

"राहू दे, रेझ्का."

"दादा, तुला माहीत नाही रे..."

"राहू दे म्हणतो ना."

हात हिसडून सोडवला. मुकुट काढला. "गाश्पेर गेला, दादा," म्हटलं.

दादा कठड्याला टेकून खालीच बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मनात म्हटलं, निदान परक्याकडून तरी कळलं नाही त्याला.

रविवार, १७

दादा गोठ्यातच झोपला. जेवण नेलं तर पाठ फिरवली. चर्चमध्ये सगळे मला मिठ्या मारत होते. धीराची आहेस, म्हणाले.

सोमवार, १८

नदीवर कुणी नाही. दोर नाहीत, गाड्या नाहीत. धावत बोल्टेकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. भेकड म्हटलं. मग तो म्हणाला,

"मी सांगितलं होतं गं त्याला. सगळं. ऐकून घेतलं आणि फुलं तोडायला निघाला. म्हणाला, सापडला का? नाही ना? मग माझ्या घरातलं कुणी गेलेलं नाही."

मग शोध का थांबवला?

खाली बघून म्हणाला, "घरच्यांनीच मुकुट उतरवला. पथकातली पोरं दोर गुंडाळून घरी गेली."

दादा पहाटेपासून काठाने एकटाच हाका मारत फिरतोय. इथवर ऐकू येतात. काठी घेऊन निघालेय.