टाकी दिसली नाही

प्रिय ताई,

हो, मी ठीक आहे. जेवतोय, ड्यूटीवरही जातोय. आई नीट जेवते का?

तू विचारलंस, त्या सकाळी विमान कसं रद्द झालं. विमानतळावरून किती लांबचं दिसतंय, हे मीच कळवतो. लांबची पाण्याची टाकी दिसली, तरच विमानं उडतात. धुक्याचे थेंब उजेड सगळीकडे उधळतात, मग टाकीचा आणि आकाशाचा रंग एकच होतो. किती भारी सायन्स आहे, असं बाबांना फोनवर सांगायचो.

त्या दिवशी घरी यायची बॅग पायाशीच होती. ‘टाकी दिसत नाही’ असं मी कळवलं आणि माझंच विमान रद्द झालं. बाबांना तुम्ही माझ्याशिवायच स्मशानात नेलंत. थांबणार तरी किती होतात म्हणा.

साहेब म्हणाले, “काम चोख केलंस.” मला काहीच वाटलं नाही.

ताई, मी ‘दिसतेय’ म्हणायला हवं होतं का गं?

तुझा धाकटा