सिनेमा सोडला त्याची वही

१४ जानेवारी १९७४, सोमवार
गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वरापुढं हात जोडून नवस बोलले. पोरगी वच्छी मॅट्रिक पास होईतो सिनेमा सोडला. शेजारची चंद्रव्वा म्हणाली, अगं, वांगं सोडायचं की, सिनेमा कशाला. मी म्हटलं, वांगं मला तसंबी आवडत न्हाई. देवाला काय कळत न्हाई काय.
वच्छीच्या जुन्या वहीत कोरी पानं निघाली. चौथीपर्यंत शिकले ती अक्षरं वाया कशाला घालवायची. आता पुस्तकं वाचणार आणि खरं मत लिहून ठेवणार. ही वही कुणी बघायची न्हाई.

२२ जानेवारी
वाचनालयातनं कादंबरी आणली. एक बाई गॅलरीत उभी राहून एका माणसाची वाट बघती. चाळीस पानं झाली, उभीच. घरात कुणाला भाकरी लागत न्हाई काय.
खुणेला मंगळवेढ्याच्या एसटीचं तिकीट घातलंय.

२७ जानेवारी
तिकीट साठाव्या पानावर घातलं होतं, नव्वदाव्यावर सापडलं. ह्यांना विचारलं, तुमी वाचताय काय. म्हणाले, मिलमधनं आल्यावर मला जेवायचं सुचत न्हाई, तुझी बाई कुटं बघत बसू. मग मीच वाचलं असंल आणि विसरले असंल. बरंच झालं. तीस पानं उरकली.

२० फेब्रुवारी, शिवरात्र
चंद्रव्वा देवाच्या सिनेमाला चालली होती. देवाचा सिनेमा म्हणजे देवळात गेल्यासारखंच, नवस मोडत न्हाई. लेडीजच्या बाजूला चपला काढून बसले.
मत: शंकराच्या गळ्यातला नाग रबराचा. देवी तपाला बसली ती ओठ रंगवून. ढग गादीतनं काढल्यासारखे. रडू मातर लई आलं.
घरी आले तर वच्छी गणिताचं पुस्तक नाकाला लावून बसलेली. मान वर केली न्हाई. गुणाची पोर. तिच्या ताटात उपासाची खिचडी जरा जास्तच वाढली.

३ मार्च, रविवार
चंद्रव्वाच्या नणंदेचं तिकीट उरलं. वाया जाणार होतं. इंटरव्हलला उठून आले, म्हणजे सिनेमा बघितला असं धरता येत न्हाई. उरलेला चंद्रव्वानं पाणी भरताना सांगितला. ऐकायचं सोडलं न्हवतं.
मत: हिरो अंधळ्या आईला तीनदा फसवतो. लाज न्हाई मेल्याला.


१० मार्च
वाचनालयाचा माणूस म्हणाला, बाई, दीड महिना झाला, पाठ करताय काय. रागानं बसून संपवली. मधली पानं सोडली, शेवटची नुसती चाळली.
मत: शेवटपर्यंत बाई गॅलरीतच. एवढा कागद फुकट गेला. लिहिणाऱ्याला आठ दिवस ज्वारी खुडायला पाठवा.
पुस्तक शुक्रवारी परत देईन.

१३ मार्च, दुपारी दोन
उद्या वच्छीचा गणिताचा पेपर. मी घरात असले की भांडी वाजतात, पोरीला शांतता मिळत न्हाई. म्हणून तीनच्या शोला जाते. हे पोरीसाठीच हाय.

१३ मार्च, संध्याकाळी
मत: मारामारी. दुसरं काय न्हाई. अर्ध्यातनं उठणार होते, पण उठायला मधल्या बाया वाट देईनात.
वच्छी पुस्तक नाकाला लावून. डोळे लाल. केवढा अभ्यास करती. तिच्या तोंडाकडं बघवंना.
पास झाली की पाच नारळ फोडणार.

१५ मार्च, शुक्रवार
पुस्तक परत दिलं. वच्छी म्हणाली, एवढ्यात दिलंस व्हय. म्हटलं, तुला काय करायचंय.

१२ जून
नापास. गणितात बत्तीस. तीन मार्क कमी.
तीन सिनेमे, तीन मार्क. देवाचा, उरलेल्या तिकिटाचा आणि शांततेचा. देवानं एकबी अर्धा धरला न्हाई.
हे म्हणाले, पेपर अवघड होता काय. वच्छी रडत होती. मी म्हटलं, मास्तरच नीट शिकवत न्हाईत. मास्तरला का मधी आणलं, मलाच ठाऊक न्हाई.
उद्या वच्छीला खरं सांगणार.

१३ जून
सांगायच्या आधी वही काढली, काय काय सांगायचं ते बघायला. मागलं पान उलटलं तर गॅलरीतल्या बाईच्या मताखाली पेन्सिलीनं वच्छीचं अक्षर:
‘आई, ती गॅलरीत राहत नाही. शेवटी नोकरीला लागते आणि तो माणूस येतो तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवते. तू ती पानं सोडलीस. मी दोनदा वाचलं.’
खाली शाळेत शिकवल्यासारखी तारीख. १३ मार्च, दुपारी चार.
मी मारामारी बघत होते तेव्हा.
हाक मारली. पोरीवर हात उचलायचा असं ठरवूनच मारली. ती आली, माझ्या हातातली वही बघितली, खाली बसली आणि विचारलं, आई, नाग खरंच रबराचा होता?
म्हटलं, व्हय. शेपटाकडनं फाटलेला.

१६ जून
ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत सिनेमा बंद. कादंबरी बंद. दोघींना. ह्या खेपेला देवापुढं बोलले न्हाई, त्याच्याकडं बघायचं तोंड न्हाई. वच्छीपुढंच बोलले. तिनं देवापेक्षा जास्त निरखून बघितलं.
वही चुलीत घालणार होते. वच्छी म्हणाली, मागं बारा पानं कोरी हायेत, गणितं सोडवायला होतील. ती पट्टी पेन्सिल घेऊन समोर बसलीय. म्हणती, आई, लवकर आटप.