ऋजुताचा आवाज आणि दोन सेकंद

आदरणीय चंद्रकांतदादा,

तुमच्या साताऱ्याच्या घरातला स्टॅबिलायझर, आमच्या इथल्या, चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यातला इन्व्हर्टर, टाकी भरली की वाजणारी घंटी आणि आता बोलणारा कॉम्प्युटर, एवढं मी या दोन हातांनी केलं (आयटीआयची पायरी न चढता), हे आधी नोंदवून नमस्कार करतो. गुडघा कसा आहे? तेल कोमट करून लावता ना, उकळतं नको.

आमच्या वरच्या मजल्यावर सुभेदार सुरेश मोहिते राहतात. त्यांची निशिगंधा बी.ए.ला आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. आजवर तिचे पेपर लेखनिक लिहायचा आणि मागच्या वेळी तिने सांगितलेलं अर्धंच उतरलं. या वेळी ती स्वतः टाइप करणार होती. कॉलेजने घरचं मशीन आणायची लेखी परवानगी दिली. मशीन मी उभं केलं : २००६ सालचं, ५१२ एमबीचं, भंगारातलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फुकटचा आवाज त्यात सहज चालला असता, पण तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. माझ्या हातून असली वस्तू बाहेर जात नाही.

म्हणून तुमच्या बहिणीचा, ऋजुताचा, आवाज भरला. सव्वीस अक्षरं आणि चार हजार एकशे बारा इंग्रजी शब्द, एकोणीस दिवस, ऐन जूनमध्ये पंखा बंद करून (कुकरही बंद, तेवढे दिवस आम्ही छोले-कुलचे खाल्ले). आवाज असा गोड, की सुभेदारांनी मशीनला उत्तर दिलं. त्रुटी एकच. बटण दाबल्यावर मशीन दोन सेकंदांनी बोलायचं. मी म्हटलं, सभ्य माणूस विचार करूनच बोलतो.

रविवारी निशिगंधाने चार ओळी टाइप केल्या आणि हात मांडीवर ठेवले. "काका, काकू एकदम मस्त बोलतात यार. पण मी पेपर लिहून घरी येईन, तेव्हा त्या माझं नाव वाचत असतील. तो डब्बावाला आवाज टाका ना, पक्का चालेल."

मंगळवारी पेपर. टाकला. वेग मी ठरवला, पहिलीच्या मुलाला समजेल असा. "काका, हा झोपलाय का?" म्हणत तिने तो एवढा वाढवला की मला त्यातला एक शब्द कळेना. तिला सगळा कळत होता. केंद्रावर पर्यवेक्षकांनी तपासणीसाठी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "बेटा, ये तो खराब है जी." ती म्हणाली, "सर, यही ठीक है." तीन तास, अकरा पानं, सगळी तिची.

आपला,
भानुदास

ता. क. १ : ऋजुताला फोन करा. मशीनमधून तिचा आवाज काढल्यापासून मी काही विचारलं की ती मोजून दोन सेकंद थांबून उत्तर देते. आवाज उत्तम होता, मशीन थकलेलं होतं, हे माझ्या तोंडून तिला पटत नाही.

ता. क. २ : एक गोष्ट मात्र तिला बोलू नका. पेपरच्या आधीच्या शनिवारी डेराबस्सीच्या एका औषध कारखान्याचे मॅनेजर येऊन तिचा आवाज ऐकून गेले. पाहुण्यांच्या स्वागताला हेच मशीन, याच आवाजासकट, सोमवारी गेटवर हवं होतं. पेपर मंगळवारी, मी तिला न विचारताच नाही म्हणालो. देत होते साठ हजार.