मागच्या चाकांवरचे पाटे

आबा,

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्यावरचा राग आता जुना झाला असेल असं मला वाटत होतं. गेल्या महिन्यात शेडमध्ये एक ट्रक आला आणि कळलं, तसं काही झालेलं नाही. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, तुमच्या वेळचा ट्रक. राहुरीकडच्या एका हॉटेलवाल्याच्या वडिलांचा, कित्येक वर्षं गोठ्यामागे उभा होता. हॉटेलवाल्याला तो नव्यासारखा करून हवाय, पण माल वाहायला नाही. मागे बाकं टाकून घरातल्यांना मुळा धरणावर न्यायचं, लग्नात नवरदेव मिरवायचा. त्याची अट एकच होती. "मिस्तरी, म्हातारी मागं बसनार हाय. तिच्या मनक्याला दनका बसाय नको." इंजिन, रंग, लाकडी हौदा, सगळं ठरलं. राहिलं ते मागचं सस्पेन्शन.

तीन रस्ते होते. जुने पाटेच, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, ठेवायचे आणि त्यातले काही काढून गाडी मऊ करायची, किंवा पाटे फेकून कॉइल स्प्रिंग बसवायच्या, किंवा नव्या बसगाड्यांना असतात तसे हवेचे फुगे. फुगे मी लगेच बाद केले, आडरस्त्याला हवा गळायला लागली तर दुरुस्त कोण करणार? उरलेल्या दोनांत मी जागच्या जागी सांगून टाकलं, कॉइल. हॉटेलवाल्याला वाटलं, अनुभव बोलतोय. अनुभव वगैरे काही नव्हता. तुम्ही कॉइलला "खेळन्यातली स्प्रिंग" म्हणायचात, म्हणून सांगितलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी तुमच्या नाकावर टिच्चून काहीतरी करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो दिवस तुम्ही विसरला नसणार, तुम्ही काहीच विसरायचा नाहीत. साखर कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला. हंगामाआधी ट्रकवाले ऊस जास्त भरता यावा म्हणून तुमच्याकडून मागे दोन-तीन पाटे वाढवून घ्यायचे, आणि पट्टा पडला की तेच पाटे काढून घ्यायला पुन्हा रांग लावायचे, कारण रिकामी गाडी तेवढ्या पाट्यांवर बैलगाडीपेक्षा वाईट उडते. मी एकवीस वर्षांचा आहे. गाडीखाली उताणा पडलोय, डोळ्यांत गंज आणि माती. पाट्यांचा गठ्ठा एक्सलला आवळून धरतात ते यू बोल्ट तुम्ही माझ्या हातात देताय, काढले तेच. नवे तुम्ही कधी आणलेच नाहीत, डिझेलमध्ये बुडवले की तुमच्या लेखी ते नवे. मी पान्याला पाइप लावून अंगाचं वजन टाकतो. पाना अडतो. "आवाळलं का?" तुम्ही विचारता. "आवळलं," मी सांगतो. गाडीचा ड्रायव्हर नेवाशाचा आहे. तो वाकून बघतो आणि म्हणतो, आबा, ह्याचं लगीन बी गाडीखालीच लावा.

त्याच दिवशी इमामपूर घाटात पाटे सरकले, मागचा एक्सल तिरका झाला आणि गाडी कातळावर गेली. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिसऱ्या दिवशी गाडीमालक शेडमध्ये आला तेव्हा सगळं आवार गोळा झालं होतं, रेडिएटरवाला, टायरवाला, समोरचा चहावाला. तुम्ही भट्टीपासून उठलासुद्धा नाहीत. बोटाने मला दाखवलंत आणि म्हणालात, "ह्याचा हात कच्चा हाय. माझंच चुकलं, ह्याच्यावर भरवसा ठिवला." काय वाक्य होतं ते. ऐकणाऱ्याला वाटावं बाप चूक कबूल करतोय, आणि चूक मात्र सगळी माझ्या अंगावर. त्या दिवसापासून आवारात माझं नावच कच्चा पडलं. कच्च्या, चहा सांग. कच्च्या, तेवढं नको बाबा आवळू. वर्षभरात मी पुण्याला पळालो आणि तुम्ही गेल्यावरच परत येऊन शेड उघडली. अजूनही एखादी गाडी गेटबाहेर गेली की मी ती हाक मारून परत बोलावतो आणि नट तपासतो. गिऱ्हाइकं हसतात. मी लोकांच्या गाड्या आवळत नव्हतो आबा, त्या ड्रायव्हरचा पाय परत बसवत होतो.

तर हॉटेलवाल्याच्या ट्रकचे पाटे मी सोडवले. कॉइल येईपर्यंत गाडी नुसती ढकलता यावी म्हणून अकरातले आठच पाटे पुन्हा जुन्या यू बोल्टनी अडकवले. पान्याला पाइप लावला. पाना अडला. मग सवयीने गठ्ठ्यावर हातोडा मारला, आणि गठ्ठा सरकला. नट जागेवर बसलाच नव्हता, बोल्टचे आटे संपले म्हणून अडला होता. पाटे कमी झाले की गठ्ठा बारीक होतो, बोल्ट लांबचे लांबच राहतात. तिथे हत्ती लोंबकळला असता तरी काही आवळलं गेलं नसतं. माझ्या शेडमध्ये मी नेहमी मापाचे नवे बोल्टच घालत आलो, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. मी तिथेच खाली बसलो, आणि मला वायसरचा डबा आठवला. अपघातानंतरच्या आठवड्यात तुम्ही जाड लोखंडी वायसर, नटाखालच्या चकत्या, कापून आणले होते. पुढे ज्या ज्या गाडीचे पाटे उतरवले त्या प्रत्येक नटाखाली ते तुम्ही स्वतः घालायचात, मला हात लावू द्यायचा नाहीत. मी समजलो, कच्च्या हातावर विश्वास नाही. ते होते बोल्टची उरलेली लांबी भरून काढायला. म्हणजे तुम्हाला आठवड्यातच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेवाशाला गेलो. ड्रायव्हर मुलाच्या पंक्चरच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसला होता, नकली पाय काढून शेजारी ठेवलेला. मी उभ्याउभ्याच आट्यांचं सांगायला लागलो. त्याने हात वर केला.

"मला ठाव हाय. तुजा बाप आल्ता दवाखान्यात. लई रडला. म्हनला, बोल्ट मी दिलं, चूक माजी."

मग तुम्ही तरी मला का नाही सांगितलंत, मी त्याला विचारलं.

"त्यानंच शपथ घातली. म्हनला, पोराला कळलं तर ते माजं ऐकायचं न्हाई." मग म्हणाला, "बस की आता. एका पायाचा मी बसलोय म्हनून तू दोन पायावर उभा ऱ्हायलास व्हय?"

रडलात. तुम्ही रडता हेच मला माहीत नव्हतं. आजवर मी समजत होतो की तुम्हाला स्वतःची चूक दिसतच नाही, आणि अशा माणसावर राग तरी किती करायचा. तुम्हाला ती दिसत होती, कबूलही करता येत होती, फक्त माझ्यापुढे नाही. मी तुमचं ऐकत राहावं म्हणून तुम्ही मला कच्चा ठेवलंत. पाय त्याचा गेला आणि तो ह्यातून बाहेर आला. मला तुम्ही आतच ठेवलंत.

परत आल्यावर मी पहिल्यांदा टेप घेऊन ट्रकखाली गेलो. कॉइलला नुसतं वजन पेलता येतं, एक्सल जागेवर धरायला वेगळे चार दांडे चॅसीला वेल्ड करावे लागतात. ही जुनी, रिव्हेटची चॅसी. आत तेवढी जागा नाही, आणि वेल्ड मारलं तर वर्षभरात तिथेच चीर जाईल. पाटे वजनही पेलतात आणि एक्सलही धरतात. ह्या गाडीला पाटेच हवेत, थोडे, लांब आणि पातळ, त्यांच्या मापाच्या नव्या यू बोल्टसकट. म्हातारीला तेवढं पुरेल. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण माप कोणीच घेतलं नव्हतं.

काल हॉटेलवाला आला. म्हणाला, एवढं छातीठोक कॉइल कॉइल सांगत होता, आता परत पाटे कसे? माझा वेल्डर तिथेच उभा होता. माझ्याच वयाचा आहे, शेड उघडली तेव्हापासून माझ्याकडे. मी म्हणालो, "माप ह्याने चुकीचं घेतलं." किती सहज आलं तोंडात. वेल्डरने माझ्याकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "व्हय, चुकलं माजं."

आज दिवसभर तो प्रत्येक माप दोनदा घेतोय आणि मला मोठ्याने वाचून दाखवतोय. मी मान हलवतो. त्याला अजून काही बोललेलो नाही.