लागलं तर लागलं

सोमवार, ४ मार्च
दहा मीटर! माझी चिंगी आज पोहण्याच्या तलावाच्या सगळ्यात उंच फळीवर गेली आणि थेट सूर! पंधरा वर्षांची पोर. तिच्याहून मोठी मुलं वर जाऊन नुसती घुटमळतात, ही मागचापुढचा विचारच करत नाही. बाकीच्या आयांनी डोळे मिटले, मी उभी राहून टाळ्या पिटल्या. पार्लरमध्ये येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. सांगण्याच्या नादात एकीची बट जरा जास्तच कापली गेली. चालायचंच!

बुधवार, ६ मार्च
ताई फोनवर म्हणाली, "एवढा धीटपणा बरा नव्हे गं." तिला काय कळणार! तिच्या घरात साधी कपबशी कधी फुटली नाही. माझ्याकडे नवऱ्याने पट्टा काढला की ही एवढीशी मुलगी मध्ये येऊन उभी राहायची. रडायची नाही, डोळेसुद्धा मिटायची नाही. आम्ही दोघी ते घर सोडून निघालो, तेव्हा पिशव्याही तिनेच उचलल्या. मी जन्मभर घाबरत जगले आणि माझ्या पोटी ही अशी! माज आहे मला तिचा. असू दे.

शनिवार, ९ मार्च
मित्राची मोटारसायकल हात सोडून चालवली म्हणे! गुडघे सोलवटून आली. मी ओरड ओरड ओरडले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

मंगळवार, १२ मार्च
कोचबाईंनी तिचा सराव बंद केला — स्पर्धा तोंडावर आलेली असताना! माझं डोकंच फिरलं. कात्री टाकून तशीच तलावावर गेले. "जळता तुम्ही माझ्या मुलीवर!" असंही बोलून गेले.

बाईंनी पाण्यावरच्या फवाऱ्याकडे बोट दाखवलं. शांत पाणी वरून नीट दिसत नाही, म्हणून तो फवारा सोडतात. पाणी हललं की ते किती खाली आहे याचा अंदाज येतो. काल तो बंद पडला. सगळी मुलं वरच थांबली. चिंगी थांबली नाही. खाली कुणी पोहतंय का, तेही तिने पाहिलं नाही.

"ती धीट नाहीये हो," बाई म्हणाल्या. "तिला स्वतःचं काही वाटतच नाही. विचारलं, लागलं असतं तर? म्हणाली, लागलं तर लागलं."

हे मी आधी ऐकलंय. पट्ट्यासमोरून तिला ओढायला गेले की ती हेच म्हणायची. जेवण गेलं नाही आज.

गुरुवार, १४ मार्च
समुपदेशक बाईंकडे नेलं. चिंगी एकच वाक्य बोलली — "खाली पडताना बाबांचा आवाज बंद होतो."

बाहेर आल्यावर मला म्हणते, "तुला आता भित्री मुलगी हवीय का?"
"हो," म्हटलं. "चांगली भागूबाई हवीय!"
ती हसली. मला रडू आलं. दर गुरुवारी यायचं ठरलंय.

शुक्रवार, २६ एप्रिल
कोचबाईंनी सराव पुन्हा सुरू केला आणि चिंगी आज पुन्हा दहा मीटरवर चढली. कडेपर्यंत गेली, वाकून खाली पाहिलं — आणि सगळ्यांच्या देखत शिडी उतरून खाली आली. ओल्या अंगाने मला घट्ट धरलं. लटलट कापत होती.
"आई गं, केवढं उंच आहे! मेले असते ना मी!"
माझी गुणाची लेक!